सिंगल बेल

शेणवे गावातल्या आमच्या हरिभाऊंकडे कुणी गाडी घेऊन आलं, की ते आधी पाहुण्याकडे बघतच नसत. गाडीच्या मागच्या चाकाशी उकिडवे बसत आणि चाकाच्या फटीतून आत डोळा लावत. पाहुणा बिचारा पाण्याच्या तांब्याची वाट बघत ओट्यावर ताटकळे.

हरिभाऊ एसटीत कंडक्टर होते. उभा जन्म गाडीच्या मागच्या भागात गेल्यामुळे जगातल्या सगळ्या गाड्यांचा मागचा अर्धा भाग आपल्या अखत्यारीत येतो, अशी त्यांची समजूत. "पुढचा ब्रेक ड्रायव्हरचा, मागचा आपला," असं ठणकावून सांगत. रिटायर झाले तरी बेल सुटली नाही. कुणी निघालं की पत्र्यावर दोन थापा मारायच्या, म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. एकच थाप म्हणजे सिंगल बेल, गाडी थांबवा. बैलगाडीलासुद्धा ते डबल बेल देत. बैलही निघत.

त्यांची एकुलती एक लेक सुमन मुरबाडला दिलेली. बायको लवकर गेली, त्यामुळे घरात वर्षानुवर्षं बापलेकच. जावई तिकडे कारखान्यात. दोन हजार सालच्या आसपास त्यानं एक जुनी, लहानशी गाडी घेतली आणि तिला मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक निघाले. आमच्याकडच्या लहान गाड्यांना तेव्हा मागे ड्रम ब्रेकच असायचे. हरिभाऊंना घबाडच सापडलं.

पहिल्यांदा पॅड बदलायला घेतले तेव्हा शेजारी म्हणून मला बोलावलं. ब्रेक दाबला की चाकाबरोबर फिरणाऱ्या तबकडीला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो, त्या चिमट्याच्या जाड पट्ट्या म्हणजे पॅड. ते झिजतील तसा त्यांना ढकलणारा पिस्टन बाहेर येतो, आणि नवे पॅड बसवायचे तर त्याला परत आत घालवावा लागतो. हरिभाऊंनी शिकंजा लावून दाबला. जाईना. मग मी दाबला. मग दोघांनी मिळून दाबला. हरिभाऊ त्याच्याशी सुट्या पैशांच्या भांडणातल्या भाषेत बोलले. तरी नाही. शेवटी शहापूरहून मेकॅनिक आणला. तो हसत सुटला.

"भाऊ, हॅंडब्रेक यालाच जोडलेला हाय. आत आटे असतात. मागचा पिस्टन दाबायचा नाय, फिरवायचा!"

आणि त्यानं तो स्क्रूसारखा फिरवत आत घातला.

त्या दिवशी हरिभाऊंना आयुष्याचं सूत्र गवसलं. नळाच्या पाण्यावरून आळीत जुंपली, की हे मध्ये पडून, "दाबू नको रे, फिरव!" माझी बायको रुसून माहेरी गेली, तर ओट्यावरून ओरडले, "बाळ्या, दाबलंस ना? फिरवायचं होतंस!" दाढ काढायला गेले तेव्हा डॉक्टरलाही हेच सांगितलं. डॉक्टरनं खरंच फिरवली. आठवडाभर भाऊ कुणाशी बोलले नाहीत.

रविवारी लेक-जावई यायचे. जेवणं होऊन जावयानं किल्ली हातात घेतली, की अंगणातून आरोळी येई, "चाक काढलंय हो!" बघावं तर गाडी जॅकवर. "चिमट्याच्या पिना सुकल्यात. ग्रीस लावतो, जरा टाइम लागंल." त्या 'जरा'मध्ये चहा होई, भजी होत, आणि मग सुमन म्हणे, "आता ऱ्हातोच आजची रात." जावई कपाळाला हात लावून मला विचारी, "बाळूदादा, मागच्या खेपेलाच केलं होतं ना हे सगळं?"

मलाही तो म्हाताऱ्याचा चक्रमपणाच वाटे. एकदा मी सहज आत बोट घालून पाहिलं, तर पॅड जाडजूड, ग्रीस ताजं. भाऊंनी मान वर केली नाही. फडक्यानं हात पुसत हळूच म्हणाले, "चाक काढलेलं हाय तवर गाडी हलत नाय, बाळ्या."

त्या दिवसापासून पाना शोधायला मीही मुद्दाम वेळ लावू लागलो.

मग जावयाची बदली झाली, पार गुजरातेत. सामान टेंपोनं पुढे गेलं. शनिवारी दुपारी दोघं निरोप घ्यायला आले. सोमवारी त्याला हजर व्हायचं होतं, म्हणून दिवस मावळायच्या आत निघायचं ठरलं होतं. भाऊंनी डावं चाक काढलं. मी मनात म्हटलं, आज हा माणूस इंजिनही काढून ठेवणार. पण त्यांचे हात भराभर चालले. पिना पुसल्या, पॅड बघितले, मला हॅंडब्रेक ओढायला-सोडायला लावला, चाक बसवून नट आवळले. चहा निवायच्या आत काम संपलं.

"उजवं नाय बघायचं?" मी विचारलं.

"नको. उशीर व्हतो त्यांना."

मी जॅक उतरवून डिकीत ठेवला.

गाडी सुरू झाली. भाऊ नेहमीसारखे मागे उभे राहिले. डिकीवर एक थाप पडली. गाडी थोडी सरकली होती, ती जागच्या जागी थांबली. जावई एवढ्या वर्षांत चांगला तयार झाला होता. भाऊंचा हात वर तसाच राहिला. दुसरी थाप काही पडेना.

सुमन खाली उतरली आणि तिनं तो हात धरला.

"बाबा, सिंगल दिलीस."

"हां. ब्रेक बघितला, गो. झकास लागतो."

"आन् उजवं चाक? मागची दोनी चाकं तुझी ना?"

जावयानं एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा म्हाताऱ्याकडे. मग इंजिन बंद करून उतरला आणि स्वतःच डिकी उघडून जॅक बाहेर काढला.

"मामा," तो म्हणाला, "डबल सकाळी द्या."