शिंकांचा सूत्रधार

उंची मध्यम, नजर घारीची, बुद्धी वस्तऱ्यासारखी आणि नाक असं, की गुन्हा घडायच्या आधीच त्याचा वास यावा. भिंगसाहेब स्वतःचं वर्णन असं करत, आणि दुसरं कोणी करत नसल्यामुळे त्यांना ते वारंवार करावं लागे. दारावरची 'खाजगी गुप्तहेर' ही पाटी त्यांनी स्वतःच रंगवली होती. त्यांची सर्वांत गाजलेली केस हरवलेल्या छत्रीची. छत्री त्यांच्याच हातात सापडली, पण सापडली ना? सदा हातात भिंग असायचं म्हणून गल्ली त्यांना भिंगसाहेब म्हणे. ते भिंगही बायकोचं होतं.

बायको घड्याळं दुरुस्त करायची. झोपायच्या खोलीत, खिडकीशी तिचं टेबल. डोळ्याला दुसरं भिंग लावून, चिमट्यात धरून ती तिळाएवढे स्क्रू बसवायची. आणि यंदा वसंत सुरू होताच तिला शिंका लागल्या. आता, तुमची-आमची शिंक रुमालात संपते. घड्याळ उघडून बसलेल्या माणसाची शिंक म्हणजे चाकं कपाटाखाली, स्प्रिंग पडद्यात आणि स्क्रू देवाच्या भरवशावर. मग नवरा-बायको दोघं गुडघ्यांवर रांगत शोधत बसत. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाचं वडिलांची आठवण म्हणून जपलेलं खिशातलं घड्याळ तिने पुन्हा पुन्हा जुळवलं आणि पुन्हा पुन्हा शिंकून उधळलं.

डॉक्टर म्हणाले, "परागकणांची ॲलर्जी आहे. झाडं फुलली की ते हवेत पसरतात. खिडक्या बंद ठेवा, रात्री ही गोळी घ्या."

"आणि हेतू?" भिंगसाहेबांनी विचारलं.

"कुणाचा?"

"परागकणांचा."

डॉक्टरांनी बाईंकडे फार कळवळून पाहिलं आणि नवरा सोबत येणार नसेल अशी पुढची वेळ दिली.

भिंगसाहेबांनी खिडक्या लावल्या, फटींवर कागद चिकटवले, दाराखाली जुनी चादर कोंबली. तरी शिंका चालूच. दिवसभर एखाद-दुसरी, संध्याकाळी तर विचारूच नका. बायको हैराण झाली होती. भिंगसाहेबांना मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते बंद खोलीचं रहस्य आयतं घरी चालत आलं होतं.

"खोली बंद आहे," ते येरझाऱ्या घालत म्हणाले. "तरी माल आत येतोय. म्हणजे कोणीतरी तो आणून देतंय."

हे अनुमान शंभर टक्के बरोबर होतं. असं त्यांच्या हातून पूर्वी कधी घडलं नव्हतं आणि ती सवय नसल्यामुळे पुढचं सगळं चुकलं.

पहिला संशय शेजारणीवर. तिच्या बाल्कनीत फुलांच्या कुंड्या होत्या.

"तुमची ही फुलं रात्री कुठे असतात?"

"कुंडीत."

"साक्षीदार?"

"अहो, बरं आहे ना तुम्हाला?"

प्रश्नाला उलट प्रश्न, म्हणजे मन खात होतं. त्यांनी एकेक फूल भिंगाखाली घेतलं, हुंगलं, चिमटीत चुरगळलं. फुलं प्लास्टिकची निघाली. मग पाळी तिच्या मांजराची. मांजर सकाळपासून स्वतःला चाटत बसलेलं बघून ते कुजबुजले, "पुरावा नष्ट करतंय." पंजे तपासायला गेले आणि ओरबाडून घेऊन आले.

शेवटी त्यांनी रोजची पाळत वाढवायचं ठरवलं. गल्लीपलीकडे एक मोठं झाड होतं, तुऱ्यांनी लगडलेलं. त्याखालच्या झुडपात बसलं की आपल्या घराचं दार नीट दिसे. लांब लोकरी कोट घालून ते वसंत लागल्यापासून रोज दुपारी तिथे दबा धरून बसत; आता जास्तच वेळ बसू लागले. संध्याकाळी घरी येत, कोट बायकोच्या खुर्चीमागच्या खुंटीला अडकवत आणि तिच्याजवळ स्टूल ओढून दिवसभराचा अहवाल देत. "आजही कोणी आलं नाही," ते म्हणत. बायको उत्तरादाखल शिंकत असे.

एवढ्यात बायकोची थोरली बहीण येऊन गेली. ताईंनी रांगणारी बहीण पाहिली, चिकटवलेले कागद पाहिले आणि टेबलासकट तिला आपल्या घरी उचलून नेलं.

दुसऱ्या दिवशी बायकोचा फोन आला. आवाज एकदम मोकळा होता. "अहो, इथे एकही शिंक नाही."

"वा," भिंगसाहेब म्हणाले आणि फोन ठेवून पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.

आपल्या घरात आहे आणि ताईंच्या घरात नाही, असं काय? टेबल गेलं, चिमटे गेले, तिची उशीसुद्धा गेली. मागे राहिलो ते आपण. आणि डॉक्टर काय म्हणतील? ज्याची ॲलर्जी आहे त्याच्यापासून लांब राहा. इतकी वर्षं संसार केला, आता तिला आपण सोसत नाही. त्यांनी चहा केला, तो उतू गेला. रात्री उगाचच पलंगाखाली वाकून एक स्क्रू शोधला आणि सापडल्यावर त्यांना हुंदका आवरला नाही.

दोन दिवस त्यांनी झाडाखाली बसून विचार केला, कारण विचार करायची दुसरी जागा त्यांना सुचली नाही. तिसऱ्या दिवशी तसेच ताईंकडे गेले. दार बायकोने उघडलं. तिचा चेहरा खुलला आणि पाठोपाठ ती जोरात शिंकली.

भिंगसाहेब दोन पायऱ्या खाली उतरले. "येतो मी."

"अहो, आत्ता तर आलात."

"केस सुटली. तुला माझी ॲलर्जी आहे. तू इथेच राहा, मी लांबून चौकशी करत जाईन."

मागून ताई आल्या. "भावोजी, नाटकं पुरे. आधी तो कोट काढा. पायपुसणं बरं त्यापेक्षा." त्यांनी कोट ओढून घेतला आणि कठड्यावर दाणकन आपटला. पिवळाधमक धुरळा उडाला. बायको शिंकली, ताई शिंकल्या, वरच्या मजल्यावर कोणीतरी शिंकलं.

"कुठे लोळून येता?" ताईंनी विचारलं.

"लोळत नाही, पाळत ठेवतो. झाडाखाली. रोज."

"आणि घरी येऊन कोट कुठे ठेवता?"

"हिच्या खुर्चीमा..." भिंगसाहेब थांबले. "म्हणजे माल आणून देणारा इसम..."

"हो," बायको नाक पुसत म्हणाली. "तोच."

ताईंनी कोट बादलीत बुडवला आणि भावोजींना न्हाणीघरात पिटाळलं. डोक्यावरून अंघोळ करून, साडूंचा ढगळ सदरा घालून ते बाहेर आले आणि खोलीच्या पार टोकाला उभे राहिले. बायकोने म्हाताऱ्याचं घड्याळ उघडलं होतं.

"इथे बसा," ती म्हणाली.

"नको. उगाच..."

"बसा. अजून जवळ."

ते तिच्या खांद्याला खांदा लावून बसले. तिने शेवटचा स्क्रू चिमट्यात धरला. भिंगसाहेबांनी श्वास रोखला. स्क्रू बसला, झाकण लागलं, घड्याळ टिकटिकू लागलं. ती शिंकली नाही. त्यांच्या डोळ्यांतून मात्र घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"घ्या," ताई म्हणाल्या, "आता यांनाही झाली."

बायकोने चिमटे आवरले आणि चपला पायात सरकवल्या. "चला घरी."

"पण कोट अजून ओला आहे."

"मी तुम्हाला न्यायचं म्हणतेय," ती म्हणाली, "कोटाला नाही."