कागदाचं नाव कोणी ठेवायचं

गळक्या छताची तक्रार या खेपेस हातानं लिहायची नाही, मीनलच्या कम्प्युटरवर छापून द्यायची, असं मी ठरवलं. तिथूनच सगळं बिघडलं. (माझं शिक्षण चौथी. तक्रार मात्र पदवीधरासारखी करते.)

मीनल माझी पोरगी. ब्याण्णव साली नेहरू नगरच्या एका क्लासात कम्प्युटर शिकत होती. परीक्षेसाठी तिनं लिहायचा प्रोग्राम तयार केला होता. त्यात चार-चार कागद एकदम उघडे ठेवता येत. उघड्या कागदाला ती बफर म्हणे. शनिवारी सर तो तपासणार आणि पसंत पडला तर तिला तिथंच शिकवायला ठेवणार होते. पोरीची पहिली नोकरी.

आम्ही नवरा-बायको क्लासात गेलो. मी क्वार्टरच्या मेंटेनन्सवाल्यांसाठी मीनलला मजकूर सांगितला, "सहा महिन्यांपासून येता, चहा पिता, वर पाहता, निघून जाता. आता आलात तर काम केल्याशिवाय सोडणार नाही." यांनी पद्मनाभपुरातल्या आपल्या बहिणीला, सिंधुताईंना, आमंत्रण लिहायला सांगितलं, "सहकुटुंब या, आठ दिवस राहा." प्रोग्रामनं एका कागदाचं नाव ठेवलं 'पत्र' आणि दुसऱ्याचं 'पत्र दोन'. दोन कोणतं, ते त्यालाच ठाऊक. यांनी न वाचताच पाकिटं चिकटवली.

बुधवारी मेंटेनन्सचे श्यामराव बायको, तीन पोरं आणि वळकटी घेऊन रिसालीच्या आमच्या दारात उभे. इतक्या प्रेमानं आजवर कोणी बोलावलं नाही, म्हणाले. त्यांच्या मागोमाग सिंधुताई, हातात पत्र.

"कावून वं कलावती, मी नुसती चहा पिऊन जाते? सांग काम. केल्याशिवाय हालत नाही."

(पत्र वन्संना अगदी लागू पडत होतं. मी चहाचं आधण ठेवलं.)

मीनल रडायलाच लागली. "प्रोग्रामच बेकार हाय माझा. एका नावाचे दोन कागद आले का दुसऱ्याले नुसता नंबर देते. सर नापास करतीन मले."

माझं डोकं तडकलं. मी माहेरची शीला. सासरी थोरली जाऊ आधीच शीला होती, म्हणून यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं 'कलावती' लिहिलं आणि मोकळे झाले. माझ्या तोंडात पेढा कोंबला होता.

"नंबर कायले देतं?" मी म्हटलं. "ज्याचा कागद त्याले विचार ना. कोणी माणसावरून नाव ठेवन, कोणी गावावरून, कोणी कामावरून. ज्याची त्याची रीत त्यालेच ठरवू दे."

मीनलनं डोळे पुसले आणि दोन दिवस क्लासातच खपली. इकडे श्यामरावांच्या वरणात छताचं पाणी पडलं, तेव्हा ते स्वतः शिडीवर चढले. सिंधुताईंनी सगळ्यांच्या पोळ्या लाटल्या, पण तोंड फुगवून.

शनिवारी सरांनी प्रोग्राम उलटापालटा करून पाहिला. आपल्या कागदांना त्यांनी तारखेवरून नावं ठेवली, मग दुसरी रीत लावली, मग तिसरी. म्हणाले, सोमवारपासून शिकवायला या. ही कल्पना आईची, असं मीनलनं सांगितल्यावर त्यांनी मानानं मलाच खुर्चीत बसवलं. सारा क्लास मागं उभा. मी पदर खोचला, एका बोटानं एक ओळ उमटवली. पडद्यावर प्रश्न आला, या कागदाचं नाव काय ठेवायचं?

मी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, काहीही ठेवा, तुमची मर्जी.

"थांबा," मी म्हटलं, "आमच्या यांना विचारून सांगते."