बालाजी सोमवंशी विभागात पहिला

लातुरातल्या आमच्या गल्लीत दिगंबरअण्णा राहतात आणि ते पेपरात खोट्या बातम्या छापून आणतात. पैसे देऊन नव्हे, ते कुणीही करतं. अण्णा फसवून छापून आणतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन स्वतःच पेपरच्या कचेरीत हजर होतात. "बातमी मीच सोडली. आता खुलासा छापा. गंमत एका दिवसाची. दुसऱ्या दिवशी तिला बदमाशी म्हणत्यात."

हे मला एवढं नीट माहीत, कारण फसणारा पेपरवाला मीच.

अण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. सगळी नोकरी माइकसमोर गेली. "भाजीत मीठ कमी आहे" असं घरात म्हणाले तरी शेजारची माणसं पिशव्या उचलून निघतील, असा आवाज. हा आवाज फोनवर आला की हात आपोआप लिहायला लागतो. कधी अण्णा साहेब होतात, कधी साहेबांचे पीए. शेवटी मात्र सवयीनं बोलून जातात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी."

एकदा त्यांनी बातमी सोडली, की बसमध्ये झोपून प्रवास करणाऱ्याला निम्मं तिकीट. कारण काय, तर झोपलेला माणूस खिडकीबाहेर बघत नाही, म्हणजे सेवेचा पूर्ण लाभ घेत नाही. मला पटलं, मी छापलं. दुसऱ्या दिवशी नांदेड गाडीत अख्खी बस घोरत होती. कंडक्टर एकेकाला हलवून दमला. हदगावची एक बाई तर एकच डोळा मिटून बसलेली, दुसरा पिशवीवर. "एका डोळ्याचं पाव तिकीट सोडा की," म्हणाली.

पुण्या-मुंबईकडं अण्णांसारखा एक माणूस असेल तर दाखवा मला!

अण्णांच्या घरात दुसरं माणूस एकच, त्यांची विधवा बहीण, आक्का. भूकंपानंतर अण्णांनी तिला किल्लारीहून आणलं. ती स्लॅबखाली झोपत नाही म्हणून अण्णांनी अंगणात पत्र्याची खोली बांधली, आणि स्वतःही तिथंच दाराशी झोपतात. आक्का उंबरा ओलांडत नाही, कुणाशी बोलत नाही. अण्णांच्या बातम्या ऐकून तेवढं कधीतरी हसते. त्या हसण्यासाठीच हा खटाटोप, असं माझी बायको म्हणते.

तर निकालाचा दिवस. बारावीचा निकाल म्हणजे आमच्या गावची दिवाळी. त्यात बोर्डानं पहिला-दुसरा जाहीर करणं बंद केलेलं, म्हणजे पहिला कोण हे ज्याचं त्यानं ठरवायचं. फोन वाजला. "बालाजी सोमवंशी विभागात पहिला. राहणार किल्लारी. घरची परिस्थिती बेताची. नोंद घ्यावी." आता 'नोंद घ्यावी' ऐकून माझी ट्यूब पेटायला हवी होती. पण त्या गडबडीत कुणाची पेटते?

सकाळी बातमी आली आणि दुपारपर्यंत ट्यूशन एरियात बोर्ड लागले. 'आमचाच बालाजी!' समोरच्या क्लासचा त्याहून मोठा, 'बालाजीच्या यशाचे खरे शिल्पकार'. त्यावर संचालकांचा फोटो दोन हात उंच, आणि पोराच्या फोटोच्या जागी गुलाबाचं फूल. एका सरांची तर मीच मुलाखत घेतली. "मागच्या बाकावर बसायचा. बोलायचा कमी. पण डोळ्यांत चमक होती हो! मी तेव्हाच ओळखलं." तीही छापली. दोन संचालक आमच्या कचेरीत येऊन एकमेकांच्या अंगावर धावले. बालाजी कुणाचा, यावरून.

मग दुसऱ्या दिवशी सत्कारासाठी पोरगा शोधायला निघाले, तर तो कुठल्याच कॉलेजात नाही. आमचे संपादक तापले. "उद्या खुलासा गेला पाहिजे, असा विद्यार्थी अस्तित्वात नाही म्हणून. नाहीतर तू घरी बस."

तेव्हा कुठं मला अण्णा आठवले. पण पेढे घेऊन अण्णा आलेच नव्हते. मीच संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो.

अण्णा पायरीवर बसले होते. "अण्णा, चला, खुलासा द्या."

"ह्या बारीला नको, बापू."

हा माणूस कधी असं बोलला नव्हता. मी चिडलोच. "माझी नोकरी चाललीय अण्णा! कोण हा बालाजी?"

"आक्काचा." त्यांनी मागं पत्र्याच्या खोलीकडं पाहिलं. "तवा नुकता चालाय लागला होता. भूकंपात गेला. औंदा बारावीला असता."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"काल तिला रिक्षात घालून सगळे बोर्ड दाखवले. मी फेकतो ते तिला ठाव हाय. तरी दर बोर्डापाशी रिक्षा थांबवाय लावली. म्हणली, एवढ्या जणांनी शिकीवलं व्हय माझ्या बाळाला?" तो माइकवरचा आवाज जेमतेम माझ्यापर्यंत पोचत होता. "तुमी खुलाशात काय लिवणार? असा पोरगा न्हाईच म्हणून. तसं नका लिवू, बापू. व्हता की ओ तो."

मी तसाच कचेरीत गेलो आणि संपादकांना सगळं सांगितलं. वर म्हणालो, "तक्रार करणार कोण साहेब? प्रत्येकानं त्याला शिकवलंय. नाही म्हणायला एक तरी पुढं येईल का?" त्यांनी उद्याच्या पानाचा आराखडा पुढं ओढला. मग म्हणाले, "त्या जागी सोयाबीनचे भाव टाक."

खुलासा आजतागायत छापलेला नाही. पेपरात काम करताना मला ज्याचा मनापासून अभिमान वाटला, ते हेच, एक न छापलेली बातमी.

दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा पुडा मी घेऊन गेलो. आक्का चांगलं लुगडं नेसून दारात बसली होती, मांडीवर पेपर. माझ्याशी ती कधी बोललेली नव्हती. तिनं पेपर माझ्यापुढं धरला. "ते सर काय म्हणले, वाच बरं."

मी वाचलं. मागच्या बाकावर बसायचा. बोलायचा कमी. पण डोळ्यांत चमक होती.

"व्हती," आक्का म्हणाली. "लई व्हती."