अण्णांच्या छपराचं टेंगूळ

"हात काढ! त्या ठिपक्यावरनं हात काढ म्हणतो ना!"

अण्णा ओरडले आणि माझ्या हातातला माऊस आपण होऊन टेबलाखाली जाऊन बसला. बसवनगुडीतल्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात हे रोजचंच. शेजारचा मेडिकलवाला तर अण्णांच्या पहिल्या आरोळीवर शटर उचलतो. घरी त्यांनी मीठ मागितलं, की शिट्टी झाली समजून यशवंतपूरला एखादी गाडी सुटते.

पण कंप्युटरवर वाकडंतिकडं छप्पर घडवावं ते अण्णांनीच. पडद्यावर जाळीची चादर अंथरायची आणि तिचा एकेक ठिपका धरून ओढायचा. चादर तिथं पुरीसारखी फुगते. "स्वल्प ओढ... आणखी स्वल्प... सरी, बास! आता सोड," असं स्वतःलाच बजावत अण्णा ओढत राहतात. सरळ रेघेचा त्यांना इतका तिटकारा, की घरून येतानासुद्धा नागमोडी चालतात आणि रिक्षावाले हात जोडून वाट देतात. डोसा पुढ्यात आला की आधी तो वाकवून खांब कुठं द्यावेत ते बघतात. तोवर चटणी सुकते.

आजचा तंटा एका कल्याणमंडपावरून, म्हणजे लग्नाच्या हॉलवरून होता. छप्पर झकास लहरत आलं होतं, पण एका कोपऱ्यात अण्णांनी भलंमोठं टेंगूळ काढून ठेवलं होतं. मंडपाचे मालक दुपारी यायचे होते. टेंगूळ गेलं नाही तर काम दुसरीकडे जाईल, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. मी बापडा ते फक्त सपाट करायला गेलो होतो.

"पण अण्णा, हे हवंय कशाला?"

त्यांनी माऊस उचलला, मॉडेल फिरवलं आणि मला छपराच्या पोटात नेलं. खालून ते टेंगूळ दिसेचना. कुणी कानामागे तळवा धरावा, तसा खोलगट आकार.

"मंचावरचा आवाज इथं गोळा होऊन खाली पडतो. खाली अक्का बसणार. धाकट्या पुतण्याला सांगून ठेवलंय, मंडप उभा राहीपर्यंत लग्न करायचं नाही!"

शांताअक्का म्हणजे अण्णांच्या पत्नी. त्यांना ऐकू कमी येतं. यंत्र लावा म्हटलं, तर "कानात भुंगा कोण कोंडून घेईल?" म्हणतात. लग्नात कोपऱ्यात बसून सगळ्यांकडे बघून हसतात. मंगलाष्टकं ऐकूच येत नाहीत, म्हणून इतरांचे हात बघून अक्षता टाकतात. त्यांची मूठ नेहमी सगळ्यांच्या मागून पडते आणि पोरंटोरं खिदळतात.

"मग घरी येऊन ती बोलतच नाही," अण्णा म्हणाले. हेसुद्धा ओरडूनच, दुसरी सवयच राहिली नव्हती.

मालक आले, पडद्याकडे बघून भडकले. "हे अजून आहेच?" मी मनातल्या मनात दुसरी नोकरी शोधायला लागलो.

"ईशान्य कोपरा आहे, साहेब," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "टेंगूळ कुठलं? कलश तो."

मालकांनी चपला काढून पडद्याला नमस्कार केला. माझा जीव भांड्यात पडला, त्याचा आवाज शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, के. आर. पुरमपर्यंत गेला असणार.

मंडप उभा राहिला, पुतण्याही सुटला. लग्नात मी अक्कांच्या शेजारीच बसलो होतो. अण्णा मंचावर अंतरपाटाजवळ, घामाघूम, नजर आमच्या कोपऱ्यावर. भटजींनी "सावधान" म्हटलं आणि अक्कांची मूठ, कुणाच्याही हाताकडे न बघता, सगळ्यांबरोबर सुटली. पुढच्या "सावधान"लाही सुटली. अण्णांनी डोळे पुसले. होम अजून पेटायचा होता, त्यामुळे धुरावर ढकलायची सोय नव्हती.

मग ते तिथूनच काहीतरी पुटपुटले. एवढ्या हळू आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. शब्द छपरावरून आमच्या डोक्यावर अलगद उतरले.

"ऐकू येतंय का गं?"

"येतंय," अक्का म्हणाल्या. "भटजी बेसूर आहेत."