भाऊजींची अर्धी प्रदक्षिणा

धाड गावचे आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आंबा घेताना आधी भाव विचारत नाहीत. विचारतात, "कोणत्या गावचा व्हय?" गाव पटलं तरच तोंडात घालतात. एकदा दाताच्या डॉक्टरपुढं आ वासून बसले होते, तर तसल्या तोंडानंही त्याचं गाव विचारून घेतलं. "ज्याले गाव सांगता येत नाही, त्याचं काही खरं नाही," हा त्यांचा सिद्धान्त.

बहीण गेल्यापासून घरात ते आणि म्हैस. एकुलती एक वैशू जर्मनीत. मागच्या वर्षी तिचा फोन आला, "बाबा, इथं घर घेतेय. पण तुम्ही येऊन हो म्हटल्याशिवाय सही करणार नाही." एकटे कसे जाणार, म्हणून मामाला, म्हणजे मला, सोबत घेतलं.

जर्मनीत पोचून आठवडा झाला तरी भाऊजी घराचं नाव काढीनात. तिथल्या बटाट्याचं गाव मात्र विचारून झालं. वैशूनं विषय काढला की म्हणायचे, "पाहू बाप्पा." घर झालं की पोरगी काही परत येत नाही, हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं.

रविवारी ती आम्हाला एका म्युझियममध्ये घेऊन गेली. केवढं तरी दालन, आणि आत तुर्कस्तानातून आणलेली जुनी दगडी यज्ञवेदी. वेदी कसली, आख्खं देऊळच! रुंद पायऱ्या, वर खांब. भाऊजींनी बूट काढले. पायमोज्यातून अंगठा बाहेर.

"भाऊजी, हे म्युझियम आहे. देऊळ नाही."

"पायऱ्या हायेत ना? मंग?"

रखवालदार डोळे वटारून आला. भाऊजींनी त्याला रामराम केला आणि हात जोडून डाव्या बाजूनं प्रदक्षिणेला निघाले. पण लगेच त्याच वाटेनं परत! प्रदक्षिणा अर्ध्यात सोडणारा हा माणूस नव्हे.

"वैशू, तिकडं निरी भिंतच भिंत हाय. याची मागची बाजू कुठी गेली?"

"ती तिकडंच राहिली बाबा, त्याच्या गावाला. फक्त समोरची इथं आणली."

"म्हंजे अर्धं इथं, अर्धं तिकडं?"

"हो."

आता काहीतरी फटकळ ऐकायला मिळणार म्हणून मी कान टवकारले. पण भाऊजी पायरीवर बसले. मग मला म्हणाले, "दिनकर, तू जरा तिकडले पुतळे पाह्य." मी चार पावलं सरकलो. कान तिथंच ठेवले, खोटं कशाला बोलू!

"वैशू, घर घे."

"मनापासून म्हणता, बाबा?"

"मनापासून काऊन म्हनू? मले लय वाईट वाटून राह्यलं. पण घे. एक खोली तेवढी माह्यासाठी ठेवजो. मले इथली थंडी सोसत नाही, येईन का नाही सांगता येत नाही. पण ठेवजो."

वैशू त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "ती खोली धरूनच घर पाहिलं, बाबा. सकाळचं ऊन येतं तिथं."

भाऊजींनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. म्युझियम बंद करायची वेळ झाली, रखवालदार पुढ्यात येऊन उभा राहिला, तरी त्यांनी तो हात काढला नाही.