कोब्यावरची रांगोळी

वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी रांगोळी शिकायचं ठरवलं. हा निर्णय मी पूर्ण शुद्धीत घेतला आणि त्याला कारण शेजारचा टेंपो होता.

पण आधी कोब्याबद्दल सांगितलं पाहिजे. आकुर्डीच्या माळावर आम्ही घर बांधलं, तेव्हा फाटकापासून व्हरांड्यापर्यंतच्या पट्ट्याला आर्किटेक्टनं नकाशात 'ड्राइव्ह-वे' असं भारदस्त नाव दिलं होतं. आमच्याकडे ड्राइव्ह करण्यासारखं काही नव्हतं. (एक सायकल होती. चढावर मीच तिला ढकलत न्यायचो.) तरी तिथं सिमेंटचा कोबा हवाच, असा पद्मानं, म्हणजे माझ्या बायकोनं, आग्रह धरला. मी कंपनीत हेड ड्राफ्ट्समन. गवंडी कोबा घोटत होता तेव्हा मी पातळी बघायची पाणसळ घेऊन त्याच्या डोक्यावर उभा होतो. शेवटी तो वैतागून म्हणाला, "सायेब, ह्याच्यावर काय इमान उतरवायचंय का?" पण कोबा असा झाला, की पिंपरीपासून देहूरोडपर्यंत तसा दुसरा नाही. हे मी तेव्हा म्हणायचो आणि आजही म्हणतो.

पद्मा रोज सकाळी तो धुवायची आणि फाटकाच्या आत, मधोमध रांगोळी काढायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. कोबा राहिला.

मोकळ्या कोब्याकडे गल्लीचं लक्ष कधी गेलं ते मला सांगता येणार नाही. पहिल्यांदा समोरचा गुरुदत्त आला. हा आमच्याच कंपनीत इन्स्पेक्शनला आहे. आई आणि राजदूत मोटरसायकल एवढाच त्याचा संसार. "काका, पाऊस फार आहे, आजच्या दिवस आत लावतो," म्हणाला. पाऊस संपला, थंडी संपली, उन्हाळा लागला. मोटरसायकल आतच होती. मग शेजारचा जयसिंग आला. जयसिंग इथला मूळचा. त्याच्या वावरात आता एक कंपनी उभी आहे आणि तो चिखलीच्या वर्कशॉपमधले जॉब, म्हणजे मशीनचे सुटे भाग, टेंपोतून कंपन्यांना पोचवतो. त्यानं काही विचारलं नाही. ज्या माळावर त्याच्या आजोबांची गुरं चरली, तिथं टेंपो लावायला तो माझ्यासारख्या कालच्या माणसाला काय विचारणार?

तुम्ही म्हणाल, फाटक नव्हतं का? होतं. जयसिंग ते उघडून टेंपो आत घ्यायचा आणि जाताना आठवणीनं कडी लावायचा. इतक्या सज्जन माणसावर रागवायचं कसं? मग मी कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी जयसिंगनं माझ्याकडे दुसरी किल्ली मागितली आणि मी ती दिली. (त्याला बिचाऱ्याला रोज हाक मारावी लागली असती.)

खरी अडचण ऑईलची होती. टेंपो ऑईल गाळायचा आणि नेमका मधोमध, पद्मा रांगोळी काढायची त्याच जागी. मी सोडा लावून पाहिला, रॉकेल लावून पाहिलं. डाग फिका व्हायचा आणि संध्याकाळी टेंपो येऊन तो पुन्हा ताजा करून द्यायचा. कंपनीत एखाद्या ड्रॉइंगवर चुकीचं माप दिसलं तर मी मॅनेजरचीही भीड ठेवत नाही. पण डागाबद्दल बोलायला म्हणून जयसिंगकडे गेलो की तो, "काय सायेब, जेवला का?" असं इतक्या मायेनं विचारायचा, की मी "हो" म्हणून परत यायचो. असा मी पाच-सहा वेळा तरी जेवून आलो.

एका संध्याकाळी व्हरांड्यात बसलो असताना मला साक्षात्कार झाला. जयसिंगनं टेंपो स्वतःच्या दारापर्यंत आणला. दारात त्याची बायको शालनबाई हिनं काढलेली रांगोळी होती. तो थांबला, रांगोळीकडे पाहिलं, टेंपो मागं घेतला आणि वळवून माझ्या कोब्यावर आणून लावला. म्हणजे स्वतःच्या दारातली रांगोळी मोडू नये म्हणून हा माणूस माझ्या दारात गाडी लावत होता. पद्मा होती तोवर आमच्या कोब्यावर कुणाचं चाक का आलं नाही, तेही त्याच क्षणी उमगलं. रांगोळी हेच खरं कुलूप. फक्त त्याची किल्ली कुणाला देता येत नाही.

दुसऱ्या दिवसापासून घरामागं, धुण्याच्या दगडाजवळ, माझं शिक्षण सुरू झालं. चिमटीतून रांगोळी सोडणं सोपं असेल, असं बघणाऱ्याला वाटतं. माझ्या चिमटीतून ती एकदम तरी पडायची किंवा पडायचीच नाही. पहिले काही दिवस चिमण्या ते पीठ समजून खाली उतरायच्या आणि माझ्याकडे रागानं बघून उडून जायच्या. शेवटी मी चिमटीवरचा विश्वास सोडून विद्येवर विसंबलो. खिळा, सुतळी, काटकोनाचा गुण्या आणि फूटपट्टी घेतली. आधी मध्यरेषा, मग वर्तुळ, मग वर्तुळाचे समान भाग. आणि एके दिवशी उजाडायच्या आत कोबा धुऊन, डागावर गेरूचा हात देऊन, मी त्यावर एक कमळ काढलं. पाकळीला पाकळी अशी तंतोतंत, की मला स्वतःलाच स्वतःशी जरा अदबीनं वागावंसं वाटलं.

हे मी काढलं, हे मात्र कुणाला कळू द्यायचं नव्हतं. माझ्या हाताखाली सहा ड्राफ्ट्समन. त्यांच्यापर्यंत बातमी गेली असती तर दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर हळदीकुंकवाची कुयरी आली असती.

संध्याकाळी टेंपो आला. फाटकापाशी थांबला. जयसिंग उतरला, रांगोळीकडे पाहिलं, मग घराच्या खिडकीकडे पाहिलं, टोपी सारखी केली आणि टेंपो हळूच मागं घेऊन निघून गेला. गुरुदत्तनंही मोटरसायकल त्याच रात्री स्वतःच्या पायरीला टेकवली. मी पडद्याआड उभा होतो. छाती इतकी फुगली होती, की शर्टाचं वरचं बटण मी स्वतःहून सोडलं.

त्यानंतर गल्ली माझ्याशी फार आदरानं वागायला लागली. जयसिंग फाटकावरून जाताना खाकरून जाई. गुरुदत्त पेपर वाचायला थेट व्हरांड्यात यायचा, तो आता बाहेरूनच "काका, येऊ का?" म्हणून विचारी आणि मी 'ये' म्हटलं तरी येत नसे. त्याची आई एरवी चटणीची वाटी पाठवायची, आता वाडगा आला. हे सगळं मी कलेचा सन्मान म्हणून स्वीकारलं. शालनबाई तर एकदा फाटकाशी थांबून स्वतः बोलल्या.

"लई चांगलं झालं बगा भाऊजी. दाराला कळा आली."

"आली ना?" मी म्हणालो. "म्हटलं, किती दिवस तसंच ठेवायचं?"

"तर वो. कुणाला बोलला न्हाई ते?"

"बोलण्यासारखं काय आहे त्यात? या वयात लोक हसतात."

"हसत्याल ते हसत्याल. पर आमाला सकाळच्या पारी कंदी काय दिसलं न्हाई."

"उजाडायच्या आत आटोपतो सगळं," मी आवाज खाली आणून म्हणालो. "दारसुद्धा वाजू देत नाही."

शालनबाईंनी तोंडाला पदर लावला आणि भराभरा निघून गेल्या. मला वाटलं, चुलीवर काही ठेवून आल्या असतील.

पुढच्या रविवारी सुमनताई दारात उभी. ही माझी मोठी बहीण, तळेगावला असते. बातमी तळेगावला कशी पोचली हे मला अजून कळलेलं नाही. तिनं चपला काढल्या, पिशवी ठेवली, आधी स्वयंपाकघरात डोकावली, मग मागच्या अंगणात, मग न्हाणीघराचं दार ढकलून पाहिलं.

"कुठं आहे?"

"काय?"

"काय नाही, कोण. प्रभाकर, मी तुला लहानपणी अंघोळ घातलेली आहे. माझ्यापासून लपवू नकोस. देवळात लग्न केलंस की कोर्टात?"

"कुणाचं लग्न?"

"म्हणजे तेही केलं नाहीस?" ताई मटकन खुर्चीत बसली. "अरे, गल्लीची तरी लाज बाळगायची."

गल्ली एव्हाना फाटकापाशी जमली होतीच. म्हणजे शालनबाई, जयसिंग आणि अर्धी दाढी झालेला गुरुदत्त. ताई तरातरा बाहेर गेली आणि रांगोळीच्या अलीकडे उभी राहिली.

"अहो, तुम्ही पाहिलंय का तिला?"

"न्हाई ताई," शालनबाई म्हणाल्या. "उजाडायच्या आत सगळं आटपत्यात. भाऊजीच बोलले तसं."

"पर बाई टापटिपीची हाय," जयसिंगनं भर घातली. "रांगोळी बगा की."

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी व्हरांड्याचा खांब धरला.

"जयसिंगराव, तुम्ही टेंपो लावायचा बंद केलात तो यासाठी?"

"मग वो? घरात नवं बाईमानूस आल्याव दारात गाडी लावणं शोभतंय व्हय?"

"रांगोळीमुळं नाही?"

"रांगोळीला कोन भितंय सायेब? ती वाऱ्यानंबी जाती." त्यानं शालनबाईंकडे पाहिलं. "जी काढती तिला भ्यायचं."

हे वाक्य मला फार लागलं. खिळा, सुतळी, गुण्या, रोज पहाटेची अंघोळ, सगळं फुकट. गल्ली कमळाला नव्हे, एका नसलेल्या बाईला भीत होती. आणि मजा अशी, की मी त्या वेळी नुसती मान हलवली असती तरी माझं काम झालं असतं. ताईची मी कशीतरी समजूत घातली असती. कोबा जन्मभर मोकळा राहिला असता. चौघं माझ्याकडे बघत होते. मान हलवायला काही श्रम पडत नाहीत.

पण ती जागा पद्माची होती. तिथं दुसरी कुणी बसून रांगोळी काढते आहे, असं चौघांच्या डोळ्यांत दिसत होतं आणि ते मला बघवेना.

"घरात कुणी नाही," मी म्हणालो. "रांगोळी मी काढतो."

मग ताई म्हणाली, "खोटं बोलायचं तर नीट तरी बोल. तुला शर्टाचं बटण लावता येत नाही."

"काका, खरंच?" गुरुदत्त फाटक उघडून आत आला, उकिडवा बसला आणि कंपनीत जॉब तपासतो तसा एक डोळा मिटून रांगोळीकडे बघू लागला. बोटानं पाकळ्या मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग उठून म्हणाला, "ताई, काका खरं सांगताहेत. हे कमळ नाहीये."

"मग?"

"हा आमच्या गिअरबॉक्सचा फोर्थ गिअर आहे. मी रोज दोनशे बघतो."

सगळे वाकले. मीही वाकलो. (वीस वर्षं हात एका वळणानं चालला की तो आपल्याला विचारत नाही.) आता पाहिलं तर पाकळ्यांना दातांसारखा उतारसुद्धा बरोबर होता. मधल्या परागकणांच्या जागी चक्क शाफ्टची चावी बसवायची खाच होती.

"पर सायेब, कशापायी?" जयसिंगनं विचारलं. "तुमी आन् रांगोळी?"

मग मात्र मी, तो जेवणाचं विचारायच्या आत, सांगून टाकलं. "जयसिंगराव, तुमचा टेंपो ऑईल गाळतो. बरोबर इथं. पद्मा इथंच रांगोळी काढायची."

जयसिंगनं टोपी काढली. गेरूकडे बघत राहिला. खालून डाग अजून काळसर दिसत होता.

"आवं, मग येवढं सांगायचं न्हाई का?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण मला तो चढल्यासारखाच वाटला. "येका शब्दात काम झालं आसतं. मी परवानगीबिगर लावत हुतो, आन् तुमी वर किल्ली दिली. मानसानं समजायचं तरी काय?"

"तर काय," शालनबाई म्हणाल्या. "वैनींची जागा म्हनल्याव ह्यांनी सायकल तरी लावली आसती का?"

एक शब्द. तो वाचवण्यासाठी मी एक अख्खी कला शिकलो होतो. जयसिंगनं जुडग्यातून माझी किल्ली काढून माझ्या हातात ठेवली, गुरुदत्तनं माफी मागितली आणि उरलेली अर्धी दाढी करायला गेला. टेंपो तेव्हापासून रस्त्याच्या कडेला, लिंबाखाली असतो.

कोबा मोकळा झाला. आता गरज उरली नव्हती, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा रांगोळी काढली, चांगलं उजाडल्यावर, सगळ्यांदेखत. येणारेजाणारे थांबत होते. पहिल्या शिफ्टची कंपनीची बससुद्धा कोपऱ्यावर जरा हळू झाली, असं मला वाटलं. लपवण्यासारखं काही उरलं नाही, की माणूस किती ताठ बसतो, हे मला उकिडवं बसून कळलं. या खेपेला दात मुद्दाम गोल केले, पाकळ्या मोजून कमी केल्या. कमळ दिसेपर्यंत उठलो नाही.

ताई तळेगावच्या गाडीसाठी निघाली होती. पिशवी खांद्याला लावून ती रांगोळीपाशी थांबली आणि बराच वेळ बघत राहिली. मी हात झटकून बाजूला उभा राहिलो. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"पद्मा आज असती ना, प्रभाकर," ती म्हणाली आणि थांबली.

मी मान खाली घातली. अशा वेळी माणसानं नम्र असावं.

"तर तिनं ही पुसून परत काढायला लावली असती. पाकळ्या एका बाजूला गेल्यात सगळ्या."

ताईची गाडी चुकू नये म्हणून मी तिला कोपऱ्यापर्यंत सोडून आलो. मग फडकं भिजवून आणलं.