चारही दिवे हिरवे

मंगळवारी सकाळी यारबूल गावातल्या ग्लेनिस व्हिटकोम हिच्या घरचं इंटरनेट बंद पडलं, ही गोष्ट कंपनीला मान्य नव्हती. इंटरनेटच्या पेटीवरचे चारही दिवे हिरवे होते. ज्या पेटीचे चारही दिवे हिरवे ती पेटी चालू, आणि पेटी चालू असताना इंटरनेट बंद आहे म्हणणारा ग्राहक हा, नियमपुस्तिकेच्या भाषेत, 'समजूत घालण्यायोग्य'.

ग्लेनिस अडुसष्ट वर्षांची. इंटरनेटवाचून तिचं काही अडत नव्हतं. गावात गहू, मेंढ्या आणि दुसऱ्यांच्या भानगडी भरपूर होत्या. पण दोन वर्षांपूर्वी कंपनीने खांबावरची तांब्याची तार काढून नेली आणि घरातला जुना टेलिफोन त्या पेटीच्या पदराला बांधून दिला. पेटी गेली की फोन गेला. आणि दर गुरुवारी दुपारी चार वाजता त्या फोनवर होबार्टच्या वृद्धाश्रमातून तिची थोरली बहीण मर्ना फोन करायची.

मर्नाला आता फारसं काही आठवत नसे. नवऱ्याचं नाव गेलं, मुलीचं गेलं, सकाळी काय खाल्लं ते तर रोजच जायचं. राहिला होता फक्त या घरचा नंबर. बापाने धान्याच्या ट्रकवर पिवळ्या रंगाने काढलेले ४७६२ हे चार आकडे, आणि सरकारने नंतर त्यांच्यापुढे चिकटवलेलं शेपूटसुद्धा, ती झोपेतही म्हणायची. गेल्या वर्षी एका गुरुवारी इकडे कुणी फोन उचलला नाही. 'घरी काहीतरी झालंय' म्हणत मर्ना सपाता घालून बसथांब्यावर जाऊन बसली. पोलिसांनी परत आणली तेव्हा गारठून निळी पडली होती. होबार्ट आणि यारबूलच्या मध्ये समुद्र आहे, हेही तिच्या डोक्यातून गेलं होतं.

तेव्हा गुरुवारी चारला फोन वाजायला हवा होता. बाकी जगाचं काय व्हायचं ते होवो.

यारबूलमध्ये मोबाइलला रेंज येते ती एकाच जागी, दफनभूमीच्या तिसऱ्या रांगेत. ग्लेनिसचा नवरा क्लाइव तिथेच आहे. शेजारच्या रेग ट्रेलोरने तिला आपल्या गाडीतून तिथवर नेलं, आणि तिचा लॅपटॉपही उचलून आणला. "मागतात मेले," तो म्हणाला. रेग विधुर होता, अनुभवी होता.

पस्तीस मिनिटं एक बाई क्लाइवला सांगत राहिली, की तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मग माणूस आला.

"गुड मॉर्निंग ग्लेनिस! मी जेरिको. आजचा दिवस कसा चाललाय?"

"दफनभूमीत उभी आहे रे बाबा. तूच ओळख."

"फारच छान. दिवे कुठल्या रंगाचे आहेत?"

"हिरवे. चारही."

"मग इंटरनेट चालू आहे."

"मग मी इथे कशाला आले असते? फुलं वाहायला?"

जेरिको फिलिपिन्समधल्या कुठल्याशा शहरात बसला होता. आवाजावरून पोर गुणी वाटत होतं. त्याने दम घेतला आणि विचारलं, "तुमचा डिफॉल्ट गेटवे काय आहे?"

"तो काय असतो?"

"घरातली यंत्रं आपसात काय बोलायचं ते बोलतात. पण कुणालाही घराबाहेर पडायचं झालं, की एकाच दारातून जावं लागतं. त्या दाराचा नंबर. लॅपटॉपवर काळी खिडकी उघडा आणि मी सांगतो ती अक्षरं मारा."

ग्लेनिसने क्लाइवच्या दगडावर लॅपटॉप ठेवला आणि अक्षरं मारली. 'डिफॉल्ट गेटवे' असं आलं आणि पुढे काहीच नाही.

"कोरं आहे."

पलीकडे बटणं वाजली. "म्हणजे तुमच्याकडे गेटवे नाही."

"अरे, गेटवे घरी आहे. मी इथे आहे. दार काय पाठीला बांधून हिंडू?"

"बरोबर. मी तसंच नोंदवलंय. नऊ चाळीस. ग्राहकाकडे गेटवे नाही."

चालू मोबाइल क्लाइवच्या दगडावर राहिला आणि रेगने तिला घरी नेलं. तिथे तीच अक्षरं मारल्यावर नंबर निमूटपणे समोर आला: १९२.१६८.१.१. तोच नंबर पेटीच्या बुडाला चिकटवलेल्या कागदावरही होता. ग्लेनिसने तो मनगटावर पेनाने लिहिला आणि दोघं परत आले. जेरिको लाइनवर थांबला होता. पोर गुणीच.

तिने नंबर वाचला. पलीकडे बटणं वाजली.

"ग्लेनिस, पडदा लाल झाला."

"आता हे काय?"

"या महिन्यापासून प्रत्येक घराचा गेटवे नोंदवायचा नियम आहे. सुरक्षेसाठी. आणि हा नंबर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर आहे." मग आवाज खाली आणून, "खरं सांगू? माझ्या आईच्या घरीपण हाच आहे. सगळ्यांच्याच घरी हाच असतो. तो घराच्या आतल्या आत चालतो, बाहेर कुणाला दिसतही नाही. पण पडद्याला ते ठाऊक नाही. तुमचा कॉल मला वर द्यावा लागेल."

वर जो होता तो म्हणाला, "मला नुसतं लॅकलन म्हणा." या देशात बातमी जितकी वाईट, तितकं आडनाव आधी गळतं. लॅकलन अनुपालन विभागात होता.

"ग्लेनिस, नऊ चाळीसला तुमच्याकडे गेटवे नव्हता. दहा वाजून दोन मिनिटांनी होता. बावीस मिनिटांत आला कुठून?"

"घरून."

"आणि नेमका तोच, जो केर्न्सच्या लिंडन फेअरबर्न यांच्या नावावर आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी रांगेत उभं राहून नोंदवलाय."

"अहो, तो पेटीच्या बुडाला छापलेला आहे. तुम्हीच छापलाय."

"छापणारा विभाग वेगळा."

ठरलं असं, की गेटवे आपलाच असल्याचं प्रतिज्ञापत्र ग्लेनिसने द्यावं, सोबत गेटवेची साक्षांकित प्रत जोडावी, आणि मग तिच्या तक्रारीला तक्रार म्हणायचं की नाही याचा विचार होईल.

प्रतिज्ञापत्रावर साक्षीची सही कुणाचीही चालत नाही. गावातले सहीचे अधिकारी पुरुष गेल्या हिवाळ्यात क्लाइवच्या मागच्या रांगेत दाखल झाले होते. पोस्टमास्तरीणबाई कॅरव्हॅन घेऊन उत्तरेला गेल्या होत्या. उरली थिओडोरा ऊर्फ थिया पापास, गुरांची डॉक्टर. कायद्याच्या नजरेत गुरांच्या डॉक्टरची सही न्यायाधीशाच्या तोडीची असते. मेंढीचा यावर विश्वास बसतो, माणसांना वेळ लागतो.

बुधवारी दुपारी थिया आली ती रेगच्या कुत्र्याचे टाके काढून, गमबुटांसकट. शिक्का खिशातच होता.

"मूळ दाखव," ती म्हणाली. "न बघता मी सही करत नाही. एकदा न बघता गाभण आहे म्हणून लिहून दिलं, बैल निघाला."

ग्लेनिसने लॅपटॉपवर नंबर दाखवला. थियाने तो वरच्या पट्टीत टाकला. पेटीचं स्वतःचं पान उघडलं, पांढरं. तिने पुन्हा टाकला. या वेळी पान उघडलं ते निळं. तिसऱ्यांदा पांढरं.

थियाने चष्मा कपाळावर चढवला. "ग्लेन, मेंढ्यांच्या कळपात हे झालं असतं ना, तर मी म्हटलं असतं, दोघींच्या कानात एकच बिल्ला आहे. या घरात एकाच नंबरच्या दोन पेट्या आहेत. फोनने हाक मारली की दोघीही 'ओ' देतात. अर्धं बोलणं भलतीकडेच जातंय. जुनी पेटी कुठाय तुझी?"

ग्लेनिसने लॅपटॉप मिटला. मग म्हणाली, "कोंबड्यांकडे."

चालतंय ते टाकायचं कशाला, या न्यायाने तिने जुनी पेटी जपून ठेवली होती. कोल्ह्यावर नजर ठेवायला क्लाइवने खुराड्यात कॅमेरा बसवला होता आणि घरापासून तिथवर तार ओढली होती. सोमवारी संध्याकाळी तिने त्याच तारेला जुनी पेटी जोडली, कॅमेरा जरा स्पष्ट दिसेल म्हणून.

दोघी खुराड्यात गेल्या. पेटीवर खुडूक कोंबडी बसली होती. पेटी ऊबदार होती आणि कोंबडीची तक्रार काहीच नव्हती. तिच्या पोटाखालून चारही दिवे हिरवे दिसत होते. थियाने कोंबडी उचलून ग्लेनिसच्या हातात दिली आणि प्लग उपटला. घरात फोन उचलून पाहिला, तर आत तो जुना गुणगुणणारा आवाज. ग्लेनिसने रिसीव्हर थोडा वेळ कानालाच धरून ठेवला.

"झालं की," थिया म्हणाली. "आता कशाला हवंय प्रतिज्ञापत्र?"

"मागितलंय ना त्यांनी. काय झालं ते लिहून देते, म्हणजे त्यांनाही बरं पडेल."

इथे ग्लेनिस चुकली. सरकारी कागदावर खरं लिहायची तिला लहानपणापासून खोड होती. तिने लिहिलं: 'माझ्या घरी या नंबरच्या दोन पेट्या होत्या. एक माझी, दुसरी कोंबड्यांकडे असे. आता ठीक चाललंय. आभारी आहे.' थियाने त्यावर 'मुळाशी ताडून पाहिले' असा शिक्का मारला, आणि कागद नुकत्याच सुरू झालेल्या इंटरनेटवरून रवाना झाला.

गुरुवारी सकाळी अकराला फोन वाजला.

"ग्लेनिस, मी लॅकलन. तुमच्या स्पष्टवक्तेपणाचं आमच्याकडे फार कौतुक झालं. तुम्ही लेखी कबूल केलंय, की दुसऱ्याच्या नावावर असलेल्या गेटवेच्या दोन प्रती तुमच्याकडे होत्या आणि त्यातली एक तुम्ही कुक्कुटवर्गाला दिली."

"दिली कुठे? कोंबडी नुसती बसली होती."

"ताबा म्हणजे बसणंच. तेव्हा या नंबरची तुमची सेवा आम्ही थांबवतोय. नंबरच्या इतर धारकांची ना हरकत पत्रं आली, की लगेच सुरू."

"इतर म्हणजे किती?"

"सध्या त्र्याऐंशी लाख."

"आज चारला माझ्या बहिणीचा फोन यायचाय हो. तिला..."

"तिच्याकडेही हाच गेटवे असेल, तर तिचंही पत्र जोडा." आणि फोन मेला. चारही दिवे हिरवे.

वृद्धाश्रमाला कळवून उपयोग नव्हता; मर्नाला सांगितलेलं चारपर्यंत टिकलं नसतं. रेग दोनला शेतावरून परतला आणि त्याने गाडी काढली. सव्वादोनपासून साडेतीनपर्यंत ती बाई पुन्हा क्लाइवला त्याचं महत्त्व पटवत होती. रेग फाटकाशी उभा राहून शिव्या देत होता, स्वतःच्या बायकोला ऐकू जाणार नाहीत अशा बेताने.

"गुड आफ्टरनून ग्लेनिस! मी जेरिको. आजचा दिवस..."

"जेरिको, ऐक. दिवसाचं राहू दे." आणि तिने सगळं सांगितलं. ट्रकवरचा नंबर, सपाता, बसथांबा, चार वाजता.

पलीकडे बटणं वाजली नाहीत.

"माझ्या आजीला फक्त माझा आवाज ओळखू येतो," जेरिको म्हणाला. "तोही माझ्या बापाचा समजून." मग तो हळू आवाजात बोलला, "ग्लेनिस, बंदी तुमच्या घरावर नाही, नंबरवर आहे. नंबर बदलता येतो. पेटीचं पान उघडा, तिथे शेवटचे दोन आकडे हवे ते घाला, अडीचशेच्या आतले. पेटी बंद करून चालू करा. हे सांगायची मला परवानगी नाही, म्हणून मी सांगत नाहीये."

"मग मीही ऐकत नाहीये. अडीचशेच्या आतले ना?"

"आतले."

चारला बारा कमी असताना ती घरी पोचली. पांढरं पान उघडलं. शेवटचे दोन आकडे खोडले आणि, फार विचार न करता, तिथे ४७ आणि ६२ घातले. पेटी बंद करून चालू केली. दिवे तांबडे झाले, नारिंगी झाले, एकेक करत विझले. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले. चार वाजून एक. रेग दारात टोपी कुस्करत उभा होता.

"ग्लेन, मी गाडी..."

"गप्प रे."

चार वाजून तीन मिनिटांनी फोन वाजला.

"किती वेळ लावतेस गं!" मर्ना म्हणाली. "तिसऱ्यांदा लावतेय मी. कोट घालून बसलेय. म्हटलं आता नाही उचलला तर निघायचं."

"कोंबड्यांना दाणे टाकत होते. काढ तो कोट."

"बाबा आले का ट्रक घेऊन?"

ग्लेनिसने खिडकीबाहेर पाहिलं. रस्ता रिकामा होता, नेहमीसारखा. "येतीलच," ती म्हणाली. "तू बोल."

पुढचं सगळं रीतसर झालं. १९२.१६८.४७.६२ या नंबरला देशात दुसरा धारक नसल्याने हरकत घ्यायला कुणी उरलं नव्हतं, आणि तो एका दिवसात ग्लेनिसच्या नावावर चढला. कोंबड्यांचं प्रकरण स्वतंत्रपणे विचाराधीन आहे.

मात्र जुनी फाइल बंद करता येत नाही. अर्जदाराने नंबर सोडला, तर फाइल त्याच नंबरच्या पुढच्या धारकाकडे जाते. धारक कुठल्या देशातला हवा, हे नियमात लिहायचं राहून गेलंय. तेव्हा एकदा उठा, टीव्हीमागची पेटी उलटी करा आणि बुडाचा कागद वाचा. शेवटी १.१ असेल तर लॅकलनचा फोन येईल. ०.१ असेल तर हसू नका, ती यादी पुढच्या महिन्यात आहे. दिवे हिरवे आहेत, हे सांगून उपयोग नाही. जवळपास गुरांचा डॉक्टर कोण, तेवढं विचारून ठेवा.

फॉर्म तसा सोपा आहे. ग्लेनिसने एका दमात भरला. फक्त शेवटचा रकाना नीट वाचा: 'तुमची वाट पाहणाऱ्या एका माणसाचा फोन नंबर, मोबाइलमध्ये न बघता लिहा.'

तुमचा अर्ज, बहुधा, तिथेच अडेल.